वजिराची आहुती आणि राजाची पायपीट

नियतकालिकांत बुद्धिबळाचे कोडे छापले जाते तेव्हा पटाच्या चित्राखाली बहुधा एक ओळ असते : ‘पांढऱ्याने खेळून मात करावी.’ ही ओळ वाचताच कोडे निम्मे सुटलेले असते, हे आपल्या लक्षात येत नाही. मात आहे हे आधीच कळलेले असते. ती कोठे दडली आहे एवढेच शोधायचे उरते. प्रत्यक्ष डावात असे सांगणारे कोणी नसते. समोर पट असतो आणि प्रतिपक्षी असतो. नेहमीची समंजस खेळी खेळावी की आपले सर्वांत मोलाचे मोहरे शत्रूच्या हाती द्यावे, हा निर्णय खेळणाऱ्याला एकट्यानेच करावा लागतो.

आज ज्या कोड्याचे विवेचन करावयाचे आहे ते असेच प्रत्यक्ष डावातून उपजले. ऑक्टोबर १९१२ मध्ये लंडनच्या ‘सिटी ऑफ लंडन चेस क्लब’मध्ये स्पर्धेबाहेर, सहज म्हणून हा डाव खेळला गेला. पांढरी मोहरी होती एडवर्ड लास्कर या सव्वीस वर्षांच्या होतकरू जर्मन अभियंत्याकडे, काळी होती सर जॉर्ज थॉमस यांच्याकडे. (जगज्जेता इमान्युएल लास्कर तो हा नव्हे. आडनाव एकच असल्यामुळे पुष्कळांची गल्लत होते.) पहिल्या दहा खेळ्यांत विलक्षण असे काही घडले नाही. अकराव्या खेळीला लास्करने वजीर दिला आणि त्यानंतर काळ्या राजाला स्वतःच्या घरातून निघून पट ओलांडीत थेट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत पायपीट करावी लागली.

घरी पट असेल तर वाचकांनी तो काढावा. माळ्यावरच्या पेटीतला, एखादे प्यादे हरवून त्या जागी गुंडी ठेवलेला पटही चालेल. पुढचे सारे मोहरी हलवीत वाचले तरच त्याची गोडी कळेल.

मांडणी

पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून उजवीकडे पट्ट्यांना ए ते एच अशी नावे आणि ओळींना खालून वर १ ते ८ असे आकडे, ही आताची सर्वमान्य पद्धत आहे.

पांढरी मोहरी अशी ठेवावीत. राजा ई-१, वजीर एच-५, हत्ती ए-१ आणि एच-१, उंट डी-३, घोडे ई-४ आणि ई-५. प्यादी ए-२, बी-२, सी-२, डी-४, एफ-२, जी-२ आणि एच-२.

काळी मोहरी अशी. राजा जी-८, वजीर ई-७, हत्ती ए-८ आणि एफ-८, उंट बी-७ आणि एफ-६, घोडा बी-८. प्यादी ए-७, बी-६, सी-७, डी-७, ई-६, जी-७ आणि एच-७.

मोजून पाहावे. दोन्हीकडे एक वजीर, दोन हत्ती, सात प्यादी. पांढऱ्याकडे दोन घोडे व एक उंट, काळ्याकडे दोन उंट व एक घोडा. म्हणजे बळ सारखे आहे. काळ्या राजाने किल्लेकोट केला आहे. त्याच्यापुढे दोन प्यादी उभी आहेत, शेजारी हत्ती आहे. वरवर पाहणाऱ्याला तो सुरक्षित वाटतो. पांढऱ्या राजाने मात्र अजून जागा सोडलेली नाही. हा तपशील शेवटी कामास येणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

काळ्याचा हिशेब

कोड्याचे उत्तर पाहण्यापूर्वी हरणाऱ्याच्या बाजूने विचार करणे आवश्यक आहे. सर जॉर्ज काही नवशिके नव्हते. नुकताच त्यांनी आपला वजीर ई-७ वर आणून ठेवला होता आणि त्या खेळीमागे नीट हिशेब होता.

पांढऱ्याचा रोख एच-७ च्या प्याद्यावर आहे. त्यावर वजिराचा मारा आहे, आणि डी-३ चा उंटही त्याच तिरप्या रेषेवर दबा धरून आहे. फक्त ई-४ वरचा आपलाच घोडा त्याच्या वाटेत उभा आहे. तो घोडा एफ-६ चा उंट मारून शह देईल, उंटाची वाट मोकळी होईल आणि पुढच्या खेळीला वजीर एच-७ वर बसून मात करील, असा पांढऱ्याचा बेत उघड दिसतो. थॉमसनी त्यावर उपाय योजला. घोड्याने एफ-६ चा उंट मारला की आपण तो घोडा जी-७ च्या प्याद्याने मारायचा. ते प्यादे बाजूला सरकताच ई-७ च्या वजिराची सातव्या ओळीवरची नजर थेट एच-७ पर्यंत पोहोचते. म्हणजे एच-७ चे रक्षण होते. शिवाय एफ-६ वर आलेले प्यादे ई-५ च्या घोड्यावर चालून जाते. हल्ला परतविला आणि वर प्रतिपक्षाच्या घोड्यावर मारा साधला, असा हा दुहेरी लाभाचा विचार होता.

या हिशेबात चूक कोठे आहे? बेरीज-वजाबाकीत कोठेही नाही. चूक आहे ती एका गृहीतात. पांढरा आधी घोड्याने मारील आणि मग वजिराने, हा क्रम थॉमसनी मनात पक्का धरला होता. घोड्याने मारणे आणि वजिराने मारणे या दोन खेळ्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांचा क्रम उलटला तर काय होईल, एवढेच पाहावयाचे राहिले. कागदावर काढलेला अर्थसंकल्प खर्चाचा क्रम बदलताच कोसळावा, तसा हा प्रकार झाला.

घाव

लास्करने क्रम उलटविला. अकरावी खेळी : वजीराने एच-७ चे प्यादे मारले. शह.

या वजिराला पाठबळ नाही. उंटाच्या वाटेत ई-४ चा घोडा अजून उभाच आहे. तेव्हा राजाने वजीर मारायचा, याखेरीज काळ्याला दुसरी खेळीच नाही. एफ-७ चे घर पांढऱ्याचा ई-५ चा घोडा रोखून आहे, एच-८ वर वजिराचीच नजर आहे, एफ-८ वर स्वतःचा हत्ती बसलेला आहे. राजा एच-७ वर येतो.

बारावी खेळी : ई-४ चा घोडा एफ-६ चा उंट मारतो. ही तीच खेळी आहे जिची थॉमसना पूर्ण कल्पना होती. पण आता राजा एच-७ वर ओढला गेला असल्यामुळे तिचा अर्थ बदलला. घोडा एफ-६ वरून राजाला शह देतो आणि तो बाजूला झाल्यामुळे मागचा डी-३ चा उंटही शह देतो. हा दुहेरी शह आहे. एका शहाला तीन उत्तरे असतात : शह देणारे मोहरे मारावे, मध्ये आड घालावे, अथवा राजा हलवावा. दुहेरी शहाला उत्तर एकच, राजा हलविणे. जी-७ चे प्यादे घोडा मारू शकत नाही, कारण घोडा मारला तरी उंटाचा शह उरतो. ज्या वजिराच्या भरवशावर सारा हिशेब मांडला होता तो ई-७ वर बसून पाहत राहतो.

राजाला आता दोनच घरे आहेत, एच-८ आणि एच-६. संपूर्ण कोड्यात काळ्याला खरी निवड करण्याची संधी या एकाच ठिकाणी मिळते. तो एच-८ वर मागे गेला, तर ई-५ चा घोडा जी-६ वर येऊन तेथल्या तेथे मात करतो. एफ-६ च्या घोड्याने जी-८ आणि एच-७ ही दोन्ही घरे अडविली आहेत, आणि जी-७ वर स्वतःचेच प्यादे राजाच्या वाटेत उभे आहे. म्हणून राजा पुढे एच-६ वर येतो. मागे घर आहे पण तेथे मरण आहे, पुढे शत्रूचा मुलूख आहे.

पायपीट

येथून पुढे प्रत्येक खेळीला वाचकांनी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : राजाला घरे किती? उत्तर दर वेळी ‘एक’ असेच येते. ते खरे आहे की नाही, हे मात्र घरागणिक तपासून पाहावे. आहुती देणाऱ्याचे सारे श्रम या तपासणीतच असतात.

तेरावी खेळी : ई-५ चा घोडा जी-४ वर येऊन शह देतो. एच-५ हे घर एफ-६ च्या घोड्याने रोखले आहे, जी-६ आणि एच-७ उंटाने. उरते जी-५. राजा तेथे जातो.

चौदावी खेळी : एच-२ चे प्यादे दोन घरे चालून एच-४ वर येते. शह. ते प्यादे राजाला मारता येत नाही, कारण मागे एच-१ वर हत्ती आहे. जी-४ चा घोडा मारता येत नाही, कारण त्याला एफ-६ च्या घोड्याचा आधार आहे. दोन्ही घोडे आणि उंट मिळून बाकीची घरे राखतात. मोकळे राहते एफ-४.

पंधरावी खेळी : जी-२ चे प्यादे जी-३ वर. पुन्हा शह. या प्याद्याला एफ-२ च्या प्याद्याचा आधार आहे. ई-३ वर जी-४ च्या घोड्याची नजर आहे, ई-४ आणि एफ-५ वर उंटाची, जी-५ वर एच-४ च्या प्याद्याची. राजा एफ-३ वर उतरतो. आता तो पांढऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर आहे. त्याचे सारे सैन्य मात्र मागे आपापल्या जागी उभे आहे. ए-८ चा हत्ती आणि बी-८ चा घोडा तर डाव सुरू झाल्यापासून जागचे हललेलेही नाहीत.

सोळावी खेळी : उंट डी-३ वरून ई-२ वर मागे येतो आणि शह देतो. सबंध हल्ल्यात ही खेळी मला सर्वांत सुंदर वाटते, कारण ती मागे जाणारी आहे. हल्ला म्हटला की मोहरी पुढे सरसावतात असे आपण मानतो. राजाच स्वतः पुढे धावत आल्यावर त्याला वेढण्यासाठी मोहऱ्यांना मागे वळावे लागते. या उंटाला ई-१ च्या राजाचा आधार आहे, म्हणून तो मारता येत नाही. राजा जी-२ वर जातो आणि वरकरणी एच-१ च्या हत्तीवर चालून आल्यासारखा दिसतो.

सतरावी खेळी : तोच हत्ती एच-२ वर सरकून शह देतो. त्याला जी-४ च्या घोड्याचा आधार आहे. एफ-१ चे घर पांढरा राजा आणि उंट यांनी राखले आहे, एच-१ आणि एच-३ हत्तीने. राजाला जी-१ वर जाणे भाग पडते. काळ्याच्या बाजूने आठव्या ओळीवर ज्या ठिकाणी तो कोड्याच्या आरंभी निश्चिंत बसला होता, बरोबर त्याच्या समोरच्या टोकाला तो आता शत्रूच्या पहिल्या ओळीवर उभा आहे.

अठरावी खेळी : पांढरा राजा ई-१ वरून डी-२ वर जातो. तो बाजूला होताच ए-१ चा हत्ती पहिल्या ओळीवरून थेट जी-१ पर्यंत पाहू लागतो. शह आणि मात! एफ-१, जी-२, एच-१ ही घरे रोखलेली आहेत, एफ-२ चे प्यादे आणि एच-२ चा हत्ती यांना घोड्याचा आधार आहे. जाण्यास जागा नाही.

राजाची मात राजाच्या खेळीने व्हावी, हा योग बुद्धिबळात दुर्मीळ आहे. याहूनही गंमत अशी की लास्करला येथे दुसरी मातही उपलब्ध होती. त्याने वजिराच्या बाजूचा किल्लेकोट केला असता, राजा सी-१ वर आणि हत्ती डी-१ वर आला असता, तरीही मातच झाली असती. प्रारंभी राजाने जागा सोडलेली नाही असे म्हटले होते, ते यासाठी. स्वतःच्या राजाच्या रक्षणासाठी असलेली खेळी प्रतिपक्षाच्या राजाच्या नाशाला कारण व्हावी, हे दृश्य पटावर एरवी क्वचितच पाहावयास मिळते.

एक खेळी जास्त

इतक्या सुंदर डावातही एक उणीव राहून गेली आहे. चौदाव्या खेळीला एच-४ ऐवजी एफ-२ चे प्यादे एफ-४ वर ढकलले असते तर मात एक खेळी आधी झाली असती. हे पडताळून पाहण्याजोगे आहे.

राजा जी-५ वर आहे. एफ-४ च्या प्याद्याने शह दिला. राजाला दोन मार्ग आहेत. तो एच-४ वर गेला, तर प्यादे जी-३ वर शह, राजा एच-३ वर, उंट एफ-१ वर मागे येऊन शह. आता काळ्याचा बी-७ चा उंट लांबून धावत जी-२ वर आड येतो. सबंध लढाईत काळ्याच्या बाजूने राजाखेरीज हललेले हे एकच मोहरे. पण जी-४ चा घोडा एफ-२ वर जाऊन मात करतो. एकूण सात खेळ्या.

राजाने एफ-४ चे प्यादेच मारले, तर जी-३ वर प्याद्याचा शह बसतो. राजा एफ-३ वर गेला की पांढरा राजाच्या बाजूचा किल्लेकोट करतो आणि तीच मात! राजा जी-५ वर मागे फिरला, तर एच-४ चे प्यादे मात करते. या दोन्ही शाखांत सहाच खेळ्या लागतात.

म्हणजे त्या एका पर्यायी खेळीच्या पोटात घोड्याची मात, किल्लेकोटाची मात आणि प्याद्याची मात, अशा तीन माता दडलेल्या आहेत. आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादमात, विशेष मानाची समजत असत. वजीर किंवा हत्तीने कोणीही मात करील, सर्वांत लहान शिपायाकडून ती करवून घेण्यात खेळणाऱ्याची खरी थोरवी आहे, अशी त्यामागची भावना. त्या दृष्टीने देशी खेळाच्या रसिकाने लास्करला येथे नक्कीच टोकले असते.

मात्र तोच रसिक लगेच एक आक्षेपही घेईल. ज्या देशी पद्धतीत प्यादे नेहमी एकच घर सरकते तिच्यात एच-४ ही खेळी संभवत नाही आणि एफ-४ ही नाही. किल्लेकोटही त्या पद्धतीत नव्हता. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची चाल घेता येत असे. देशी नियमांनी हाच पट मांडला तर चौदाव्या खेळीला हल्ला थांबतो, राजा जी-५ वर सुटकेचा श्वास घेतो आणि पांढऱ्याला वजीर फुकट घालविल्याचा पश्चात्ताप करावा लागतो. ज्या घरांत आजोबा देशी पद्धतीने आणि नातू नव्या पद्धतीने खेळत आले, तेथे दोघांनी मिळून हा पट दोन्ही नियमांनी मांडून पाहावा. प्याद्याच्या एका जादा पावलाने आहुतीचे मोल किती बदलते, ते त्यातून स्पष्ट होईल.

आहुती की व्यवहार?

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. ज्या वजिराच्या बदल्यात सक्तीची मात मिळते, तो वजीर देण्याला आहुती म्हणावे काय?

ऑस्ट्रियन खेळाडू रुडॉल्फ श्पिलमान याने १९३५ साली आहुतीच्या कलेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आहुतींचे दोन वर्ग केले. ज्या आहुतीचा मोबदला शेवटपर्यंत मोजता येतो ती त्याच्या मते केवळ भासमान. ती उसनवारी आहे. दिलेले व्याजासह परत येणार हे देणाऱ्याला ठाऊक असते. जिचा मोबदला मोजता येत नाही, जी केवळ परिस्थितीची पारख आणि स्वतःवरचा विश्वास यांच्या बळावर दिली जाते, तीच खरी आहुती. या व्याख्येने लास्करचा वजीर पहिल्या वर्गात जातो.

तर्काला हे पटते, पण ते पुरेसे वाटत नाही. मोबदला मोजता येण्याजोगा होता हे खरे. परंतु तो मोजावा असे वाटणे हीच पहिली अवघड पायरी. वजीर असंरक्षित घरावर टाकण्याची खेळी शंभरातील नव्याण्णव खेळाडूंच्या मनात येतच नाही. ती पाहण्यापूर्वीच मन तिला बाद करते. थॉमसही त्यामुळेच फसले. त्यांनी चुकीची गणना केली नाही, एका शक्यतेची गणनाच केली नाही. त्यांनी दहाव्या खेळीला वजीर हलविण्याऐवजी उंटाने ई-५ चा घोडा मारला असता, तर पांढऱ्याचा दुसरा घोडा नाहीसा होऊन हे जाळे विणलेच गेले नसते.

दुसरी गोष्ट हिशेबाच्या स्वरूपाची. आठ खेळ्या आधी पाहणे म्हणजे डोक्यात प्रचंड पसारा सांभाळणे, असा सर्वसाधारण समज आहे. येथे तसा पसारा नाही. प्रत्येक खेळी शहाची असल्यामुळे काळ्याला स्वतःची अशी खेळी खेळण्यास उसंतच मिळत नाही. वजीर मारल्यानंतर एकदा दोन वाटा फुटतात, त्यांतील एक तत्काळ मातेत संपते. बाकी सरळ एकपदरी वाट आहे. वाट लांब आहे, पण तिला फाटे नाहीत. मुलांना बुद्धिबळ शिकविताना हा भेद समजावून सांगणे फार उपयोगी पडते. फाट्यांच्या रानात दोन खेळ्या पाहणेही कठीण असते, आणि शहांच्या साखळीत आठ खेळ्या पाहणे सरावाने साधते. मात्र साखळीतील एकही कडी कच्ची असता कामा नये. एखाद्या शहाला काळ्याकडे दुसरे घर असते, तर लास्कर वजिराविना उघडा पडला असता आणि हा डाव कोणाच्या स्मरणातही राहिला नसता. आजचे संगणक सात खेळ्यांची ती छोटी मात क्षणार्धात दाखवितात. त्यांनी दाखविलेले उत्तर पाहण्यापेक्षा घरागणिक ‘येथे का जाता येत नाही?’ असे विचारीत जाणारा मुलगा अधिक शिकेल.

डावानंतर

डाव संपल्यावर काय घडले, ते लास्करने आपल्या आठवणींत सांगितले आहे. तो लंडनला नुकताच आला होता, इंग्रजी त्याला जेमतेमच कळत होते. हरल्यावर सर जॉर्ज काहीतरी म्हणाले. कोणीतरी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा कळले, ते डावाचे कौतुक करीत होते. लास्कर या दिलदारपणाने भारावून गेला. बर्लिनच्या कॉफीगृहांत हरणारा बहुधा जिंकणाऱ्याच्या नशिबाला दोष देई. तेथून आलेल्या तरुणाला हा अनुभव नवा होता.

पुढे लास्कर अमेरिकेत स्थायिक झाला. १९२४ च्या न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध स्पर्धेत तो खेळला, बुद्धिबळावर त्याने ग्रंथ लिहिले, जपानी ‘गो’ या खेळाचा प्रसार केला, आणि अभियंता या नात्याने मातेचे दूध काढण्याचे यंत्रही बनविले. १९८१ साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी तो निवर्तला.

सर जॉर्जही काही कमी नव्हते. त्यांच्या आई लेडी एडिथ थॉमस यांनी १८९५ साली हेस्टिंग्जला भरलेली स्त्रियांची बुद्धिबळ स्पर्धा जिंकली होती. ते स्वतः १९२३ आणि १९३४ मध्ये ब्रिटिश अजिंक्यवीर झाले. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका आणि बॉटविनिक या दोघांनाही हरविले. शिवाय ते बॅडमिंटनचे अव्वल खेळाडू होते. ऑल इंग्लंड स्पर्धेत १९२० ते १९२३ अशी सलग चार वर्षे एकेरीचे विजेतेपद त्यांच्याकडे होते. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. पुरुषांच्या सांघिक जागतिक स्पर्धेसाठी त्यांनी दिलेला करंडक म्हणजेच ‘थॉमस कप’. सांगलीचे नंदू नाटेकर ज्या थॉमस कपच्या सामन्यांत भारताकडून खेळले, आणि मे २०२२ मध्ये बँकॉकला इंडोनेशियाचा ३-० असा पराभव करून भारताने जो प्रथमच जिंकला, तो करंडक याच सर जॉर्जच्या नावाचा. त्या विजयाच्या बातम्या वाचताना, ज्यांचा राजा लंडनमध्ये पट ओलांडून चालत गेला ते गृहस्थ हेच, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

१९७२ साली वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी सर जॉर्ज वारले. त्यांनी जिंकलेले डाव आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणी चाळीत नाही. हरलेला हा एक डाव मात्र जगभरच्या क्रमिक पुस्तकांत आहे. हरणाऱ्याने वजीर एच-७ वर घेतला, शेवटच्या खेळीपर्यंत डाव सोडला नाही, राजाला जी-१ पर्यंत चालू दिले, म्हणूनच ही मात पटावर उमटू शकली. दोन-तीन शह बसताच त्यांनी हात जोडून डाव सोडला असता, तर उरलेले सारे कोणाच्या तरी टिपणवहीत राहिले असते.

आता पट पुन्हा पहिल्यासारखा मांडावा आणि घरातील लहानांपैकी कोणाला तरी काळ्या बाजूला बसवावे. अकरावी खेळी करण्यापूर्वी मात आहे असे त्याला सांगू नये. वजीर त्याच्या हाती आल्यावर त्याचा चेहरा कसा फुलतो ते पाहावे, आणि पुढच्या खेळीला दुहेरी शह देऊन, ‘आता घरे किती?’ असे विचारावे.